संपूर्ण आयुष्य देवाला अर्पण करणं म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायबल स्टडीत, तरुणांच्या मीटिंगमध्ये आणि बऱ्याचदा चर्च सुटल्यावर बाहेर उभं राहून बोलताना पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं जमतील तेवढी सरळ लिहिली आहेत, सोबत वचनांचे संदर्भ दिलेत, ते स्वतः उघडून वाचा, नुसत्या माझ्या बोलण्यावर जाऊ नका.

प्रश्न: आराधना म्हणजे गाणी, स्तुती, प्रार्थना. त्यात "संपूर्ण आयुष्य" कुठून आलं?

आपण "आज आराधना मस्त झाली" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गाण्यांबद्दलच बोलत असतो, कीबोर्ड छान वाजला, सगळे भारावून गेले होते वगैरे. गाणी ही आराधना आहेच, बायबलमध्ये १५० स्तोत्रं उगाच नाहीत. पण येशूचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला पत्रात विनवून सांगतो (रोम १२:१) की तुमची शरीरं देवाला जिवंत, पवित्र यज्ञ म्हणून द्या, हीच तुमची खरी उपासना, आणि मग पुढच्या अध्यायांत तो हे उलगडतो ते नीट बघा. पाहुणचार करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, शत्रूला भूक लागली असेल तर त्याला जेवायला घाला, कर भरा (हो, कर सुद्धा, १३:६-७), खाण्यापिण्यावरून आणि सणवारावरून भावाला तुच्छ लेखू नका, आणि यरुशलेमातल्या गरिबांसाठी जमलेले पैसे मला पोचवायचेत. बोलणं यज्ञापासून सुरू झालं आणि जाऊन पोचलं जेवणाच्या ताटापर्यंत, कराच्या कागदापर्यंत, आपसातल्या भांडणापर्यंत. मला हा सगळा भाग एका दमात वाचायला फार आवडतं, कारण १२:१ भिंतीवर फ्रेम करून लावलं जातं आणि १३:६ कोणीच लावत नाही, पण पौलाच्या पत्रात दोन्ही एकाच श्वासात आहेत.

प्रश्न: पौल "शरीर" का म्हणतो? देवाला तर आपलं मन हवंय ना?

मन हवंच आहे, लगेच पुढच्याच वचनात मनाच्या नवीकरणाबद्दल आहे. पण मन देणं हे फार सोपं वाटतं, डोळे मिटले, "प्रभू, मी तुझा आहे" म्हटलं आणि झालं. शरीराचं तसं नाही. शरीर एका वेळेला एकाच ठिकाणी असतं, त्याला झोप लागते, भूक लागते, चिडलं की त्याचा आवाज वाढतो, त्याचा अंगठा मोबाइलवर नको तिथे जातो. म्हणून शरीर दिलं म्हणजे वेळ दिला, जागा दिली, दिवस दिला. रोम ६:१३ मध्ये पौल एकेका अवयवाबद्दल बोलतो की ते नीतिमत्त्वाची साधनं म्हणून देवाला सोपवा, आणि करिंथच्या लोकांना तो सांगतो की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात (१ करिंथ ६:१९-२०). तिथे विषय गाण्याचा नव्हता, व्यभिचाराचा होता. म्हणजे बेडरूममध्ये काय चाललंय हासुद्धा आराधनेचाच विषय आहे, त्याला वेगळं कपाट नाही.

प्रश्न: यज्ञ म्हणजे काहीतरी मारून जाळणं. मग "जिवंत यज्ञ" कसा असेल?

हे समजायला जुन्या करारात जरा वेळ घालवावा लागतो, आणि तो घालवा असं मी मनापासून सांगेन. पौलाने रोमला हे पत्र लिहिलं साधारण इ.स. ५७ च्या आसपास. तेव्हा यरुशलेमचं मंदिर उभं होतं, रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू वेदीवर जात होतं (निर्गम २९:३८-४२), मंदिर पडलं ते पुढे ७० साली. म्हणजे वाचणाऱ्या यहुदी लोकांसाठी यज्ञ ही पुस्तकातली गोष्ट नव्हती, धूर आणि रक्ताचा वास असलेली रोजची गोष्ट होती.

लेवीयचा पहिला अध्याय वाचा. माणूस स्वतःच्या कळपातला धडधाकट, दोष नसलेला नर घेऊन येतो, लंगडा किंवा आजारी चालत नाही. आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवतो. मग तो कापला जातो, कातडं सोललं जातं, तुकडे होतात, आतडी आणि पाय पाण्याने धुतले जातात आणि सगळंच्या सगळं वेदीवर जळतं. याला होमार्पण म्हणायचे. बाकीच्या काही अर्पणांत मांसाचा वाटा याजकाला किंवा आणणाऱ्यालाही परत मिळायचा, शांत्यर्पणाचं तर कुटुंबासोबत जेवण व्हायचं, पण होमार्पणात मांसातलं कोणालाच काही परत नाही, फक्त कातडं याजकाला (लेवीय ७:८). आणि गरिबाला बैल परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची पिल्लं चालायची. मरीया आणि योसेफ येशूला घेऊन मंदिरात आले तेव्हा मरीयेच्या शुद्धीकरणासाठी त्यांनी हीच गरिबाची जोडी आणली होती (लूक २:२४). देव साइज बघत नव्हता हे तेव्हापासूनच आहे.

आता फरक बघा. त्या पशूला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याचं अर्पण एकदा झालं की संपलं. इथे देणाराही तुम्ही आणि दिलं जाणारंही तुम्हीच, आणि दिल्यावर तुम्ही उठून कामाला जाता. पवित्र म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं, पण हे वेगळं काढलेलं शरीर मंदिरात ठेवून दिलेलं नाही, ते बसमध्ये उभं आहे, लाइनमध्ये थांबलंय, मुलाला आंघोळ घालतंय. म्हणून जिवंत.

प्रश्न: येशूने वधस्तंभावर एकदाच सगळ्यांसाठी यज्ञ केला. मग परत आपण कशाला? हे कर्माने तारण मिळवणं झालं नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा पाया पक्का आहे, आणि उत्तर साफ आहे: नाही. पापासाठीचा यज्ञ एकच, तो ख्रिस्ताचा, एकदाच, कायमचा (इब्री १०:१०-१४). त्यात आपण एक थेंबही भर घालू शकत नाही. आपलं अर्पण हे उपकार मानण्याचं आहे. रोमच्या पत्रात बाराव्या अध्यायाच्या आधी अकरा अध्याय आहेत आणि त्यांत देवाने काय केलं हेच आहे, आपण पापी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला, आपल्याला फुकट नीतिमान ठरवलं, कशानेच आपण त्याच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही, आणि मग पौल म्हणतो "म्हणून". देवाच्या करुणेमुळे विनवतो, म्हणतो. धमकी देत नाही. ज्याने अर्पण हा हप्ता समजून भरायला घेतला तो एक तर गर्विष्ठ होतो नाही तर थकून बसतो, दोन्ही प्रकारची माणसं प्रत्येक मंडळीत दिसतात. आधी करुणा, मग अर्पण, हा क्रम एकदा उलटा झाला की ख्रिस्ती जीवनातला आनंदच निघून जातो असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: म्हणजे आता जॉब सोडून फुलटाइम सेवेत यायचं का?

काहींना तसं पाचारण असतं, त्यांनी जावं, मंडळीच्या वडीलधाऱ्यांशी बोलून जावं. पण "सगळं अर्पण" म्हणजे "पाळक होणं" हे समीकरण बायबलमध्ये नाही. पौल स्वतः तंबू शिवायचा (प्रेषित १८:३). दानीएल सरकारी अधिकारी होता आणि त्याच्या कामात विरोधकांनी खोट शोधायचा प्रयत्न केला तरी सापडली नाही (दानीएल ६:४). निर्गम ३१ मध्ये बसालेल नावाचा कारागीर आहे, देव म्हणतो मी त्याला माझ्या आत्म्याने भरलंय, आणि कशासाठी तर सोनं, चांदी, दगड, लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी. आणि आपला प्रभू. लूक ३:२३ प्रमाणे त्याने सेवेला सुरुवात केली तेव्हा तो साधारण तीस वर्षांचा होता, त्याआधी गावातले लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे, तेव्हा त्याचं एकही प्रवचन लोकांनी ऐकलेलं नव्हतं. बाप ज्या आयुष्यावर खूश होता त्यात लाकूड कापण्याची वर्षं होती. यावर थांबून विचार करा, कारण आपण चमत्काराची तीन वर्षं तेवढी धरतो आणि आधीची तीस सोडून देतो.

१५२० साली प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने हेच जोर देऊन मांडलं, की चांभार, लोहार, शेतकरी, प्रत्येकाचं आपापलं काम आहे आणि बाप्तिस्मा झालेले सगळेच याजक आहेत. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, स्पष्ट लिहिलं की सामान्य विश्वासणाऱ्यांचं काम, प्रार्थना, संसार, विश्रांती, धीराने सोसलेले त्रास हे सगळं आध्यात्मिक अर्पण होतं आणि मिस्साच्या वेळी ख्रिस्ताच्या अर्पणासोबत देवाला वाहिलं जातं. बाकी ठिकाणी या दोन परंपरा वेगळ्या बोलतात, इथे बऱ्यापैकी एक बोलतात.

प्रश्न: माझं काम इतकं साधं आणि कंटाळवाणं आहे की त्यात देवाला काय देणार?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा सहसा जरा लाजून विचारतो, म्हणून इथे थोडं सविस्तर.

पहिलं, कलस्सै ३:२३, जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवाभावाने करा, हे वचन कोणाला लिहिलंय? मॅनेजरना नाही, दासांना लिहिलंय (३:२२ पासून वाचा). ज्यांना स्वतःचं काम निवडायचा हक्क नव्हता, ज्यांच्या कामाला कोणी शाबासकी देत नव्हतं, त्यांना पौल सांगतो की तुम्ही ख्रिस्ताची सेवा करताय आणि तुमचा वारसा त्याच्याकडे आहे. याचा अर्थ गुलामी बरी असा नाही, मोकळं होता येत असेल तर हो असं तोच करिंथकरांना सांगतो (१ करिंथ ७:२१). पण काम छोटं म्हणून देवाच्या नजरेतून सुटतं असंही नाही.

दुसरं, पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक जण होता, जन्म साधारण १६१४, मृत्यू १६९१. आधी सैनिक होता, मग मठात आला आणि त्याला काम मिळालं स्वयंपाकघरात, जे त्याला मुळीच आवडत नव्हतं. बरीच वर्षं त्याने तेच केलं, नंतर चपला दुरुस्त करायचं. आणि तो शिकला काय, तर भांड्यांच्या खडखडाटात आणि चार जण एकदम हाका मारत असतानाही देवाशी बोलत राहायचं, जसं प्रार्थनेला गुडघ्यावर असताना बोलतो तसंच. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टने मठासाठी जे नियम लिहिले त्यात कोठाराच्या माणसाला सांगितलंय की मठातली सगळी भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळ. फावडं सुद्धा.

आणि आता तुमचं टेबल. संध्याकाळचे सहा वाजलेत, महिनाअखेर आहे, शीटमध्ये टोटल जुळत नाहीये, फरक अगदी किरकोळ आहे, "इतर खर्च" मध्ये टाकून दिला तर कोणाच्या बापाला कळणार नाही आणि बाकीचे लोक लॅपटॉप बंद करून निघालेत. तुम्ही परत वर स्क्रोल करता, एकेक बिल लावून बघता, एका ठिकाणी आकडे उलटे पडलेले सापडतात, ते दुरुस्त करता, टोटल जुळते, मग निघता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मनात कुठलं भजनही चालू नव्हतं, बहुतेक तुम्ही वैतागलेलाच होतात. पण निघताना "प्रभू, हे तुझं" एवढं म्हणालात तर मी त्याला बिनधास्त आराधना म्हणेन.

अजून एक. रोमकरांस पत्र पौलाने सांगितलं आणि लिहून घेतलं तिर्तियाने, १६:२२ मध्ये तो मध्येच स्वतःचा नमस्कार टाकतो, की हे पत्र लिहिणारा मी तिर्तिय, प्रभूमध्ये तुम्हाला सलाम सांगतो. जिवंत यज्ञाबद्दलचं ते वचन एका लेखनिकाच्या दुखऱ्या बोटांतून आपल्यापर्यंत आलंय.

प्रश्न: बॉस खोटं लिहायला सांगतो. तेही "प्रभूसाठी" करायचं का?

नाही. दोष असलेला पशू वेदीवर चालत नव्हता. खोटं बिल, लाच, कमी वजन, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव, हे अर्पण होऊच शकत नाही, कितीही मनापासून केलं तरी. नकार द्यायला भीती वाटते हे मला कळतं, घर चालवायचं असतं, म्हणून एकट्याने लढू नका, मंडळीतल्या विश्वासू माणसाला सांगा, दुसरी नोकरी बघायला लागा, लेखी पुरावे ठेवा. तो नकार आणि त्यासाठी सोसलेलं नुकसान हेच त्या दिवसाचं अर्पण.

प्रश्न: सगळं आयुष्यच आराधना आहे तर रविवारी चर्चला जायलाच हवं का?

हवं. "मी निसर्गात देवाला भेटतो, माझं काम हीच पूजा" असं म्हणून मंडळी सोडणारे पाहिलेत आणि थोड्या दिवसांत ते निसर्गात देवालाही भेटत नाहीत आणि कामात प्रभूचं नावही उरत नाही. इब्री १०:२५ सरळ सांगतं की एकत्र जमणं सोडू नका. १ पेत्र २:५ मध्ये आपण जिवंत धोंडे आहोत आणि आपल्यापासून एक आध्यात्मिक घर बांधलं जातंय असं आहे, एकटा धोंडा रस्त्यात पडलेला असतो, त्याला कोणी घर म्हणत नाही. रविवारी वचन ऐकतो, प्रभुभोजनात भाकर मोडली जाते, ख्रिस्ताने स्वतःला कसं दिलं ते पुन्हा समोर येतं, तिथून आपल्या देण्याला बळ मिळतं. आणि उलटी बाजूही तितकीच खरी. आमोस ५:२१-२४ मध्ये देव म्हणतो तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशयाचा पहिला अध्याय तर अजून कडक आहे, तुमचे हात रक्ताने भरलेत, प्रार्थनेला पसरलेत तरी मी बघणार नाही. म्हणजे सोमवारी कामवालीचा पगार बुडवायचा आणि रविवारी हात वर करून गायचं, हे देवाला चालत नाही, आवाज कितीही सुरात असला तरी.

प्रश्न: दशांश दिला की पैशाचं अर्पण झालं ना?

दशांश ही चांगली सवय आहे, पण उरलेले नव्वद टक्के आपले खाजगी असं त्यात कुठेच नाही. मार्क १२:४१-४४ मधली विधवा दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) टाकते, तिची सगळी उपजीविका. हे गरिबांकडून शेवटचा पैसा काढायला वापरायचं वचन नाही हं, त्याच्या दोनच वचनं आधी येशूने विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झापलंय, ते सोडून वाचू नका. फिलिप्पैच्या मंडळीने तुरुंगातल्या पौलाला एपफ्रदीताच्या हातून मदत पाठवली, त्या मदतीला पौल सुवासिक यज्ञ म्हणतो (४:१८). कर्ज किती घेतो, मदत मागायला आलेल्याला किती वेळ उभं करतो, हेही त्यातच मोजायचं.

प्रश्न: चर्चच्या सेवेत इतका वेळ जातो की घरचे नाराज आहेत. देवाला पहिलं स्थान म्हणजे हेच ना?

बहुतेक वेळा नाही. मार्क ७:९-१३ वाचा. लोक आईवडिलांना सांगायचे की तुम्हाला जे मिळायचं होतं ते मी "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलंय, आणि म्हाताऱ्या आईबापाला काही द्यायचे नाहीत. येशूने याला देवाची आज्ञा मोडणं म्हटलं. देवाचं नाव घेऊन देवाने सोपवलेली माणसं टाकून द्यायची, हे अर्पण नाही. १ तीमथ्य ५:८ तर म्हणतं घरच्यांची काळजी न घेणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट.

माझी आई शेवटी अंथरुणावर होती. रात्री उठून तिची कूस बदलायची, चादर एका बाजूने गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, मग तिला हळूच अलीकडे वळवायचं आणि पलीकडून चादर ओढून घ्यायची, पाठ कोरडी करायची, उशी गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची. ती कधी हात घट्ट धरायची, कधी ओरडायची. त्या दिवसांत गायनाच्या प्रॅक्टिसला जाणं बंद झालं होतं, आणि मत्तय २५:४० (या लहानांतल्या एकासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत) जेवढं त्या खोलीत कळलं तेवढं कुठल्याच संगतीत कळलं नव्हतं.

प्रश्न: आमचे लीडर म्हणतात सगळं अर्पण कर, म्हणजे पगार, वेळ, लग्नाचा निर्णय त्यांच्या हातात द्या. हे बरोबर आहे का?

नाही, आणि इथे मी गोड बोलणार नाही. अर्पण देवाला करायचं, लीडरला नाही. जो माणूस हिशोब दाखवत नाही, प्रश्न विचारला की बंडखोर म्हणतो, घरच्यांपासून तोडतो, तो मेंढपाळ नाही. पेत्र मंडळीच्या वडीलधाऱ्यांना लिहितो की कळपावर धनीपण करू नका (१ पेत्र ५:३). बाहेर पडा आणि दुसऱ्या मंडळीतल्या कोणाशी तरी बोला.

तसंच मार खाणाऱ्या बायकांना "हा तुझा क्रूस आहे, देवाला अर्पण कर" असं सांगितलं जातं. मारहाण करणारा पाप करतोय आणि ते पाप कोणाचंही अर्पण नाही. स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी नेणं, पोलिसांना सांगणं, यात विश्वासाचा काहीही भंग नाही. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक असल्याचा हक्क सांगितला आणि फटके टळले (प्रेषित २२:२५-२९), जिवंत यज्ञाबद्दल लिहिणारा तोच माणूस.

प्रश्न: मी आजारी आहे, काही करूच शकत नाही. माझ्याकडे अर्पण करण्यासारखं काय आहे?

तुम्ही स्वतः आहात. देवाला तुमचं प्रॉडक्शन नकोय. इब्री १३:१५ मध्ये ओठांचं फळ, म्हणजे स्तुती, याला यज्ञ म्हटलंय, आणि ओठही हलत नसतील तर रोम ८:२६ आहे, आत्मा आपल्या वतीने कण्हत विनंती करतो. दुसऱ्याकडून अंग पुसून घेणं, भरवून घेणं, हे न चिडता स्वीकारणं हे धडधाकट माणसाच्या कुठल्याही सेवेपेक्षा अवघड आहे असं मला वाटतं. आणि बरं व्हावं म्हणून प्रार्थना करत राहणं, औषध घेणं, हे अर्पणाच्या विरुद्ध नाही. येशूनेही गेथशेमानेत आधी हा प्याला टळू दे असंच म्हटलं होतं, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

प्रश्न: झोप, खेळ, मजा, हे पण आराधनेत धरायचं का?

हो, आनंदाने धरा. १ करिंथ १०:३१, खाता किंवा पिता तेही देवाच्या गौरवासाठी. एलीया संदेष्टा थकून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं आणि खाऊ घातलं, दोनदा (१ राजे १९:५-८). येशू वादळात होडीत उशीवर झोपला होता. सतत दमलेलं असणं हे पवित्रतेचं लक्षण नाही.

प्रश्न: मला काहीच फील होत नाही. अर्पण स्वीकारलं गेलं हे कसं कळणार?

स्वीकारलं जाण्याचं कारण तुमचं फीलिंग नाही, ख्रिस्त आहे. १ पेत्र २:५ मध्ये तेच आहे, आपले यज्ञ देवाला आवडतात ते येशू ख्रिस्ताच्या द्वारे. कोरडे दिवस येतात, कधी महिने येतात, त्या दिवसांतलं देणं देवाजवळ कमी मोजलं जातं असं कुठेही लिहिलेलं नाही.

प्रश्न: दर वर्षी रिट्रीटला मी "सगळं अर्पण" करतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे. यात काही अर्थ आहे का?

आहे, पण रिट्रीटवर सगळा भार टाकू नका. लेवीय ६:१२-१३ मध्ये याजकाने रोज सकाळी वेदीवर लाकडं रचायची असं आहे, अग्नी विझू द्यायचा नाही. तिथे काम रोजचं होतं, आपल्यालाही ते रोजचंच आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७५५ साली आपल्या लोकांसाठी कराराचं नूतनीकरण करायची उपासना सुरू केली, त्यात माणूस देवाला सांगतो की मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मी तुझा, आणि मेथडिस्ट मंडळ्या आजही ती बऱ्याचदा नवीन वर्षाच्या सुरुवातीला करतात. वर्षातून एकदा असं सगळ्यांसोबत म्हणणं चांगलंच आहे. पण पडलात की त्याच दिवशी १ योहान १:९ प्रमाणे कबूल करा, पुढच्या रिट्रीटची वाट कशाला बघायची?

प्रश्न: मग सुरुवात नेमकी कशी करू?

सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी, अंथरुणातच, दिवस देवाला द्या, आणि मोघम देऊ नका. "प्रभू, माझं सगळं तुझं" म्हणणं ठीक आहे पण त्याच्या पुढे नावं घ्या, अकराची मीटिंग, ज्याच्याशी बोलायचं टाळतोय तो माणूस, आज भरायचा हप्ता, संध्याकाळचा मुलीचा अभ्यास, हे डोळे, ही जीभ. कॅथलिक घरांत सकाळच्या अर्पणाची प्रार्थना असते ती हेच करते, आणि ज्यांना स्वतःचे शब्द सुचतात त्यांनी स्वतःचे वापरावेत. रात्री झोपताना दिवस परत बघा, कुठे दिलं, कुठे हातचं राखलं, उपकार माना, क्षमा मागा, झोपा. आणि एकच जागा निवडा जिथे तुम्ही आत्तापर्यंत देवाला येऊच दिलं नव्हतं, बऱ्याच जणांच्या बाबतीत ती पैसा, राग किंवा स्क्रीन यांपैकी एक असते, आणि तिथून सुरू करा. सगळीकडे एकदम हात घातला की आठवड्यात दमायला होतं.

प्रश्न: हे कोणाला सांगायचं का?

एका माणसाला सांगा. नवरा, बायको, पाळक, मंडळीतली एखादी मावशी जी खरंच प्रार्थना करते, कोणीही, फक्त ती व्यक्ती अशी हवी जी महिन्याभराने तुम्हाला तोंडावर विचारेल की त्या गोष्टीचं काय झालं.